मागच्या खोलीची कडी

एक गाव होतं. गावात एक भोळा माणूस होता, आणि त्याला शहाणं करायला बाकीचं सगळं गाव होतं.

भोळ्याचं नाव हणमंत. तो पिठाच्या गिरणीत कामाला होता. कामाला लागला त्या दिवशी मालकानं सांगितलं, दळण आलं की डब्यावर नाव लिहीत जा. संध्याकाळी बायका पीठ न्यायला आल्या, तर बेचाळीस डबे ओळीनं मांडलेले आणि प्रत्येकावर ठसठशीत अक्षरात एकच नाव. हणमंत. त्या दिवशी गावात कोणी कोणाच्या ज्वारीची भाकरी खाल्ली, हे आजवर कळलेलं नाही.

हणमंतात खोट नव्हती. सांगितलेलं तो करायचा. सांगितलेलं तेवढंच करायचा. आणि एकदा शिकलेला धडा कधी विसरायचा नाही. अडचण एवढीच, की धडा एका प्रसंगाचा असायचा आणि तो वापरायचा दुसऱ्याच प्रसंगाला.

धडे द्यायला आप्पा होते. आप्पा म्हणजे हणमंताचे थोरले चुलते. आयुष्यात एक सायकल सोडली, तर त्यांनी काही विकत घेतलेलं नव्हतं. घर वडिलांचं, शेत सासऱ्याचं. पण काय कसं घ्यावं आणि कोणाशी कसं वागावं, हे सगळं त्यांना पाठ. फक्त ते आधी सांगायचे नाहीत. आधी विचारलं की म्हणायचे, बघू. काम बिघडलं की घसा खाकरायचे आणि काय करायला पाहिजे होतं ते सांगायचे. आप्पांचा सल्ला म्हणजे वरातीमागून घोडं. आणि हणमंत ते घोडं इमानानं धरून पुढच्या वरातीत नेऊन उभं करायचा.

हणमंताच्या बायकोचं नाव शैला. ती शिवणकाम करायची. तिच्याकडं दोन मशिनी होत्या, एक साधी आणि एक फॉल-पिकोची. लग्न झाल्यापासून आठ वर्षं ती आप्पांच्या घरातल्या मधल्या खोलीत राहत होती. मधली खोली म्हणजे पुढच्या दारातून मागच्या मोरीकडं जायचा रस्ता. त्या खोलीला दोन दारं होती आणि एकालाही कडी नव्हती. पहाटे साडेचारला आप्पा तांब्या घेऊन तिच्या खाटेजवळून जायचे. पावणेपाचला परत यायचे. मग काकी. मग दीर, जावा, पाहुणे, पाहुण्यांची पोरं.

शैलानं एकदा कडीचा विषय काढला होता. आप्पा म्हणाले, घरातल्या घरात कड्या कसल्या, आपण काय परके आहोत? सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणाऱ्यांत एकाचीही खाट रस्त्यात नव्हती.

तेव्हा शैलाला जगाकडून फार काही नको होतं. एक दार हवं होतं आणि त्या दाराला आतून कडी.

गावाबाहेर हायवेला लागून 'आशीर्वाद हाइट्स' नावाची इमारत उभी राहिली. इमारत तीन मजल्यांची. तीन मजल्यांना हाइट्स म्हणायची आमच्याकडं पद्धत आहे. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट शैलानं हेरला. मग अस्तराच्या तुकड्यावर शिवणाच्या खडूनं तिनं बेत आखला. ही पुढची खोली आपली. ही मागची खोली भाड्यानं द्यायची. मागच्या खोलीतूनच कपडे वाळत घालायच्या गॅलरीत जाता येतं, म्हणजे भाडेकरू खूश आणि भाडंही बरं येणार. त्या भाड्यातून आणि शिवणाच्या पैशातून बँकेचा हप्ता. हणमंताच्या पगारात स्वयंपाकघर. घर तिच्या नावावर, कारण बाईच्या नावावर घेतलं की सरकारी खर्च थोडा कमी लागतो, हे ती स्वतः जाऊन विचारून आली होती. शेवटी तिनं प्रत्येक दाराला आतून एकेक कडी काढली.

आप्पांनी अस्तर उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, बघू.

शैलाच्या हातात लग्नसराईचे ब्लाउज होते. म्हणून तिनं नवऱ्याला पुढं पाठवलं. म्हणाली, घर नीट बघा आणि कसं वाटलं ते सांगा.

हणमंतानं घर नीट बघितलं. नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून बघितल्या. मग कसं वाटलं ते सांगितलं. समोर बिल्डर उभा होता, म्हणून बिल्डरलाच सांगितलं.

"असं घर मी स्वप्नातसुद्धा बघितलं नव्हतं. माझी बायको तर याच्यासाठी जीव टाकतीय. दुसरं कुठलं घर तिला नकोच आहे."

बिल्डरनं हणमंताला थंडगार सरबत पाजलं आणि किंमत पन्नास हजारांनी वाढवली.

घरी आल्यावर आप्पांनी घसा खाकरला. "हणम्या, घेणाऱ्यानं कधी कौतुक करायचं असतं का? नावं ठेवायची. हे वाकडं आहे, ते गळतंय, असं म्हणत राहायचं. मग भाव उतरतो."

"बरं आप्पा," हणमंत म्हणाला. "पुढच्या वेळी."

पुढची वेळ आठवड्यानं आली. कर्ज देण्याआधी घर बघायला बँकेचे साहेब आले. शैला कागदांच्या झेरॉक्स काढायला खाली गेली होती. साहेबांनी भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाले, बांधकाम बरं दिसतंय.

हणमंत हसला. "कसलं बरं, साहेब. या भिंतीला खिळा मारला तर शेजारच्या देवघरात निघतो. पावसाळ्यात छताखाली छत्री घेऊन झोपावं लागणार. दारं बघा. फुंकर मारली तर उघडतील."

साहेब लिहीत होते. साहेब लिहितायत म्हटल्यावर हणमंताला हुरूप आला. इमारत एका अंगानं कलली आहे असं त्यानं सांगितलं आणि दाखवायला स्वतः एका अंगानं कलून उभा राहिला.

झेरॉक्स घेऊन शैला वर आली, तेव्हा साहेब खाली उतरत होते. उतरताना ते कठडा धरत नव्हते. त्यांचा आता कठड्यावर विश्वास राहिला नव्हता.

कर्ज मिळालं, पण मागितलं होतं त्यापेक्षा बरंच कमी. उरलेली रक्कम शैलानं कशी उभी केली? हातातले तोडे मोडले आणि फॉल-पिकोचं मशीन विकलं. ज्या दिवशी मशीन रिक्षात चढलं, त्या दिवशी ती अस्तरावरच्या बेताकडं बघत बसली. मशीन गेलं म्हणजे निम्मी कमाई गेली. मागच्या खोलीचं भाडं आता शोभेचं राहिलं नव्हतं. दिवाळीपर्यंत भाडेकरू आला तर घर राहील. नाही आला तर घर विकून पुन्हा मधली खोली, पुन्हा साडेचारचा तांब्या.

आप्पा म्हणाले, "अरे गाढवा, दारात आलेल्या साहेबाला असं सांगतात? त्याला बसवायचं. चहा पाजायचा. घराचं गुणगान करायचं. आणि हो म्हणेपर्यंत उठू द्यायचं नाही."

"बरं आप्पा. पुढच्या वेळी."

नव्या घराची किल्ली मिळाली. शैला आणि हणमंत राहायला आले. शैलानं पहिल्या दिवशी पुढच्या खोलीत जाऊन कडी लावली, काढली, परत लावली. मग खाली वाण्याच्या दुकानात 'खोली भाड्यानं देणे आहे' अशी चिठ्ठी चिकटवायला गेली.

ती जिना उतरली आणि औषधं विकायला गावोगाव हिंडणारे एक सुर्वे नावाचे गृहस्थ जिना चढले. त्यांना खोली हवी होती. कोणीतरी सांगितलं होतं, तिसऱ्या मजल्यावर मिळेल. हणमंतानं त्यांना मागच्या खोलीत बसवलं. चहा पाजला. गुणगान केलं. सुर्व्यांना खोली आवडली. सभ्य माणूस. म्हणाले, छान आहे, उद्या कळवतो.

हणमंतानं बाहेरून कडी लावली.

मग दाराशेजारच्या हॉलकडच्या खिडकीतून दुसरा चहा आत दिला. सुर्वे म्हणाले, अहो, हे काय? हणमंत म्हणाला, काही नाही, गॅलरीत वारा छान येतो. तिसरा चहा दिला. म्हणाला, समोर हायवे आहे, करमणूक होते. चौथ्या चहानंतर सुर्व्यांना बाहेर यायची फार निकड लागली. ते दार वाजवायला लागले. पाचवा चहा आत गेला, तेव्हा सुर्वे हो म्हणाले. हो, हो, हो, असं तीनदा म्हणाले.

हणमंतानं खूश होऊन कडी काढली. सुर्वे तीन मजले बाण सुटल्यासारखे उतरले. चपला वरच राहिल्या. वाण्याकडून येणारी शैला जिन्यात बाजूला झाली म्हणून वाचली.

"कोण होते?" तिनं विचारलं.

"भाडेकरू," हणमंत म्हणाला. "हो म्हणाले."

ते काही परत आले नाहीत. उलट गावभर झालं, की आशीर्वाद हाइट्समध्ये माणसं कोंडतात.

या वेळी आप्पांनी हणमंताला घरी बोलावून घेतलं. चार म्हातारे जमले होते, म्हणून आप्पांना चेव आला. "भाडेकरूच्या असं मागं लागतात का रे? तो परका माणूस. उलट त्यालाच दारात उभा करायचा. कुठला, कोणाचा, काय करतो, काय खातो, रात्री किती वाजता येतो, सगळं विचारायचं. आधार कार्ड बघायचं. कितीही ओळखीचा वाटला तरी बघायचं. कार्ड नसेल तर उंबरा ओलांडू द्यायचा नाही."

चार म्हातारे म्हणाले, बरोबर आहे. ते चौघं कुठल्याही वाक्याला बरोबर आहे म्हणाले असते. बसायला ओटा होता आणि उठायला काम नव्हतं.

"बरं आप्पा," हणमंत म्हणाला. "पुढच्या वेळी."

शैलानं दसऱ्याला वास्तुशांत ठेवली. ती स्वतः भटजींबरोबर होमाच्या धुरात बसली होती, म्हणून दारात हणमंत उभा राहिला. बाराच्या सुमाराला आप्पा आले. डोक्यावर फेटा, हातात नारळ, पाठीमागं काकी. आणि बरोबर तालुक्याच्या कचेरीत नव्यानं आलेला एक कारकून. आप्पांनी पुतण्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा एक काम केलं होतं. भाडेकरू शोधून आणला होता. तीन मजले चढून आप्पांचा भाता झाला होता.

हणमंतानं दोन्ही हात चौकटीला लावले. "आपण कुठले?"

आप्पा धापा टाकत म्हणाले, "हणम्या, बाजूला हो."

"कोणाचे आपण?"

"तुझ्या बापाचा थोरला भाऊ!"

"काय करता?"

आप्पांनी फेटा सावरला. काकी पदर तोंडाला लावून म्हणाली, "चाळीस वर्षं मीही तेच विचारतीय."

"रात्री किती वाजता येता? मटण-मासे खाता का? बरं, आधार कार्ड दाखवा."

"अरे, मला ओळखत नाहीस का?"

"ओळखतो की," हणमंत शांतपणे म्हणाला. "पण कितीही ओळखीचा वाटला तरी बघायचं."

काकीच्या पिशवीत आधार कार्ड होतं. तिनं ते दाखवलं आणि आत गेली. जाताना नवऱ्याच्या हातातला नारळही घेऊन गेली, कारण नारळाला कार्ड लागत नव्हतं. आप्पांचं कार्ड घरी ट्रंकेत होतं. ते जिन्यात पायरीवर बसले. कारकून बिचारा आप्पांकडं बघत होता, मग हणमंताकडं, मग दारापाशी ठेवलेल्या सुर्व्यांच्या चपलांकडं. सख्ख्या चुलत्याची ही गत, तर भाडेकरूची काय होईल, असा विचार त्यानं केला असावा. ऑफिसला उशीर होतोय म्हणाला आणि गेला. दसऱ्याची सुट्टी होती.

होम आटोपून शैला बाहेर आली, तेव्हा काकी आत तिसरी जिलबी खात होती आणि आप्पा पायरीवर फेटा मांडीवर घेऊन बसले होते. आपला भाडेकरू येऊन गेला हे तिला काकीकडूनच कळलं. ती थेट आप्पांना म्हणाली, "आप्पा, याला धडे देऊ नका. तुमच्या पाया पडते."

पण पाया पडलेल्या माणसाला धडा दिला नाही तर आप्पा कसले? ते पायरीवरूनच गरजले. "मोठं माणूस दारात आलं तर मान द्यायचा असतो, मान! हाताला धरून आत आणायचं. चांगल्या खुर्चीवर बसवायचं. किल्ली त्याच्या हातावर ठेवायची आणि म्हणायचं, घर तुमचंच आहे, आम्ही आपले एका खोलीत पडून राहू. एकदा म्हणून भागत नाही. मोठी माणसं नको म्हणतात. तीनदा म्हणायचं."

"बरं आप्पा," हणमंत म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "पुढच्या वेळी नक्की."

दिवाळी आठ दिवसांवर आली. शैलाची झोप उडाली. आणि तेवढ्यात वाण्याकडची चिठ्ठी वाचून पोतदार गुरुजींचा फोन आला. गुरुजी हेडमास्तर म्हणून रिटायर झाले होते. नवरा-बायको दोघंच. गुरुजींच्या गावात दवाखाना नव्हता, म्हणून त्यांना इथं एक खोली हवी होती. दोन दिवसांत बघायला येतो म्हणाले. शैलाचा जीव भांड्यात पडला. पण त्याच दोन दिवसांत तिला माहेरच्या गावी एका लग्नाचे तेवीस ब्लाउज पोचवायचे होते, तिथंच बसून मापाला दुरुस्त करून द्यायचे होते. ते पैसे म्हणजे पहिला हप्ता.

जाताना तिनं हणमंताला समोर बसवलं. "गुरुजी येतील. खोली दाखवा. भाडं तीन हजार सांगा. हे बघा, बाहेरून कडी लावायची नाही. कार्ड मी येऊन बघेन. आणि तुमच्या डोक्यानं काही करू नका."

"नाही करणार," हणमंत म्हणाला.

आणि त्यानं केलं नाही. स्वतःचं डोकं बाजूला ठेवलं आणि आप्पांचं वापरलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शैला परत आली. जिना चढून वर आली तर दारावर पितळी पाटी. 'वि. गो. पोतदार, सेवानिवृत्त मुख्याध्यापक.' तिला वाटलं, मजला चुकला. ती खाली उतरून परत मजले मोजत वर आली. मजला बरोबर होता. दारापाशी सुर्व्यांच्या चपला होत्या.

आत हॉलमध्ये भिंतीला लागून गुरुजींचं कपाट. कपाटात सत्काराच्या शाली, घडीवर घडी. गुरुजी खुर्चीत बसून पेपर वाचत होते. आयुष्यभर सत्कार घेतलेल्या माणसाला कोणी काही हातावर ठेवलं तर नाही म्हणायची सवय राहत नाही. पुढच्या खोलीत पोतदारबाई पलंगावर चादर घालत होत्या. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "या, या. तुमची खोली मागं आहे."

मागच्या खोलीत शैलाची खाट होती, तिचं उरलेलं मशीन होतं, आणि हणमंत होता. हणमंताचा चेहरा गणिताचा पेपर पहिल्यांदाच बरोबर सोडवलेल्या पोरासारखा फुलला होता.

"अहो, हे काय आहे?"

"मान," हणमंत म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. गुरुजींना हाताला धरून आत आणलं, चांगल्या खुर्चीवर बसवलं, किल्ली हातावर ठेवली. घर तुमचंच आहे म्हटलं. गुरुजी नको म्हणाले. परत म्हटलं. परत नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा गुरुजींनी बायकोकडं बघितलं, बायकोनं स्वयंपाकघराकडं बघितलं, आणि गुरुजी म्हणाले, तुमचा एवढा आग्रहच असेल तर मोडवत नाही. मग त्यांनी सुंदर अक्षरात अकरा महिन्यांचा करार लिहिला. हेडमास्तरांचं अक्षर, एक काना चुकला नव्हता.

शैला खाटेवर बसली. गुरुजींची बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली, खाटेजवळून गॅलरीत गेली, कपडे वाळत घालून परत खाटेजवळून गेली. शैलानं ती जाईपर्यंत वाट बघितली.

"आणि भाडं?" तिनं हळूच विचारलं. "भाड्याचं काय ठरलं?"

"ठरलं की. या खोलीचं भाडं."

"कोणी द्यायचं?"

"राहतोय आपण. आपणच देणार." हणमंत जरा पुढं सरकला. आवाज खाली आणला, कारण आतापर्यंतची सगळ्यात मोठी बातमी त्यानं राखून ठेवली होती. "पण या वेळी मी फसलो नाही, शैला. त्यांनी तीन हजार सांगितले. तूच म्हणाली होतीस तेवढेच. मी लगेच दिले नाहीत. आता घेणारे आपण, म्हणून नावं ठेवली. म्हटलं, खोली अंधारी आहे. म्हटलं, कपड्यांसाठी तुमची दिवसभर आमच्यातून ये-जा. म्हटलं, आतून लावायला साधी कडीसुद्धा नाही. गुरुजी म्हणाले, कडी तर आहे, ही काय. मी म्हटलं, जरा थांबा."

हणमंतानं खिशात हात घातला.

"पाचशे रुपये कमी झाले," तो म्हणाला आणि चार स्क्रूंसकट कडी शैलाच्या तळहातावर ठेवली. "आणि ही गुरुजींनी आपल्यालाच दिली. आठ वर्षं हवी होती ना तुला? घे."